पंपाला दोष देण्याआधी

जबलपूरला बड्या फुहाऱ्याजवळ आजोबांच्या परसात माशांचा हौद आहे. मे महिन्यात त्याच्या फिल्टरची धार बारीक झाली आणि मासे वर येऊन तोंडे उघडू लागले; तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमीच विरघळतो. घरचे म्हणाले, "पंप गेला, नवा आणा." आजोबा म्हणाले, "आधी पाण्याची वाट तपासू." प्लग काढून आम्ही पंपाची जाळी, पंखा, नळी पाहिली. सारे ठीक. मग फिल्टरमधला स्पंज काढून पंप लावला, तर धार जोरात! स्पंजच गाळाने तुंबला होता. आजोबांनी तो हौदाच्याच पाण्यात पिळायला लावला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात आणि हौदातला विषारी अमोनिया तेच संपवतात. संध्याकाळी मासे खाली गेले. नवा पंप आणला असता, तरी धार बारीकच राहिली असती.