उन्हात ठेवलेले सेल

आबाजींच्या रेडिओचा आवाज बसला की ते मागचं झाकण काढून दोन्ही सेल अंगणात ठेवायचे, मिरची वाळत घातलेल्या चादरीच्या कडेला. कुहीच्या उन्हाबद्दल वेगळं काय सांगायचं! सांजेला सेल परत आत जायचे आणि नागपूर आकाशवाणी पुन्हा बोलू लागायची. "उन्हानं जीव येते सेलात," असं आबाजी म्हणत.

तो जीव दोन-तीन दिवस पुरे. मग सेल आमच्या ताब्यात यायचे. दगडानं फोडून मधली कोळशाची कांडी काढायची आणि काळ्या भुकटीनं पाटी घासायची. ती भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बन, हे मला फार उशिरा कळलं. भूगोलाच्या पेपरासाठी 'नागपूर-भंडारा : मँगनीज' पाठ केलं होतं, पण ते मँगनीज आणि पाटीवरचं काळं एकच, असं कुणी सांगितलं नव्हतं. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गला मॉइलची खाण आहे, आणि तिथेच सेलसाठी लागणारं मँगनीज डायऑक्साइड बनवायचा कारखानाही. माझी पाटी तिथल्याच मातीनं काळी झाली, असा माझा दावा नाही. तरी मी मनात तसं धरून चालते.

आता पुण्यात पीएचडी करते, तीही मँगनीजवरच. पण हाताला एक कण लागत नाही. संगणकात बॅटरीच्या एका पदार्थाची 56 अणूंची चौकट मांडलेली आहे : 8 लिथियम, 16 मँगनीज, 32 ऑक्सिजन. या रचनेत लिथियम शिरू शकतो, हे थॅकरे, गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये दाखवलं. (याच गुडइनफना नोबेल मिळालं ते 97 व्या वर्षी. माझा प्रबंध लांबला की मी हा आकडा आठवते.) इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत, यावरून पदार्थाची ऊर्जा काढायची, हे माझं काम. साधं गणित वापरलं, तर ते इलेक्ट्रॉन सोळाही मँगनीजना सारखे वाटून टाकतं. भाबडं आहे ते. प्रत्यक्षात आठांकडे एकेक जास्त असतो आणि ते आठ एका दिशेनं ताणले जातात. गणिताला हे समजावण्यात माझं पहिलं वर्ष गेलं.

मग लिथियमची वाट. एका जागेवरून पुढच्या जागेवर जाताना त्याला ऊर्जेचा घाट ओलांडावा लागतो. आमच्याकडे घाट म्हणजे नदीचा. घाट चढायचा असतो, हे पुण्याला आल्यावर समजलं. नेहमीच्या तापमानाला हा घाट 0.06 इलेक्ट्रॉनव्होल्टनं उतरला, तरी लिथियमच्या उड्या दहापट होतात. माझी दिवसरात्र याच दशांशांत जाते. दुसरा मार्गही आहे : घाट तसाच ठेवून ऊन वाढवायचं. अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टचा घाट असेल, तर 25 अंशांवरून 45 वर गेल्यावर उड्या तिपटीहून जास्त होतात. हा आकडा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मला आमचं अंगण दिसलं. आबाजींच्या सेलात लिथियम नव्हता, वाहणारं काही वेगळंच होतं. उन्हाचा हिशेब मात्र हाच.

मे महिन्यात घरी गेले, तेव्हा हे त्यांना सांगितलं. ते खूश झाले, पण मला पुढचंही सांगायचं होतं. माझ्या पदार्थाला ऊन मानवत नाही. तापमान चढलं की मँगनीज आतल्या द्रावात विरघळतं आणि बॅटरीची ताकद घटत जाते. म्हणून काही मँगनीजच्या जागी अॅल्युमिनियम बसवून मी बघते आहे.

"बनवली का मंग बॅटरी?"

"नाही आबाजी. अजून नुसता हिशेब."

"चार वर्सं?"

आई आतून हसली. ती मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडून आली होती आणि हाताची आग जावी म्हणून तेल चोळत होती. तिच्या कामाचा मोबदला संध्याकाळी तोलून मिळतो.

आबाजी थोडा वेळ गप्प बसले. खाटेवर माझा मोबाइल उन्हात पडला होता. त्यांनी तो उचलून सावलीत, उशीखाली सरकवला. रेडिओचे दोन सेल मात्र चादरीच्या कडेलाच राहू दिले, आणि एकदा उलटे करून ठेवले.