शेवटचा केर

माणूस घराबाहेर पडला की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही, हा आमच्या घरातला कधीही न मोडलेला नियम. बाबा दौऱ्यावर निघोत, मामा आपल्या गावी परतोत, नाहीतर मी परीक्षेला जाऊ दे. जाणारा जिना उतरून, फाटकातून बाहेर पडून वळणाआड होईपर्यंत आई केरसुणीला हात लावत नसे. बाल्कनीच्या कठड्याशी थोडी थांबायची आणि मग आत येऊन आधी दुसरंच काहीतरी काम काढायची. पाठोपाठ केर निघतो तो एकाच जाण्यानंतर. त्या जाण्याचं ती नावही घेत नसे.

सहकारनगरमधला आमचा फ्लॅट विकला आणि रिकामा करायला घेतला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हा नियम. आता आम्ही सगळेच निघणार होतो. आम्ही वळणाआड गेल्यावर केर काढायला मागे कोणी उरणार नव्हतं. मग हा शेवटचा केर काढायचा कोणी? आणि घर स्वच्छ करायचं ते किती?

कागदपत्रांत याचं उत्तर नव्हतं. खरेदीखतात ‘खुला व शांततापूर्ण ताबा’ असे शब्द होते. आपल्याकडच्या खरेदी-विक्रीला आजही 1882 सालचा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम लागू आहे, आणि त्याच्या कलम 55 मध्ये विकणाऱ्याची कर्तव्यं सांगितली आहेत. करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत मिळकत एखाद्या समंजस मालकासारखी सांभाळावी. विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी कर चुकते करावेत. आणि घेणाऱ्याला नेहमीच्या पाहणीत सापडणार नाही, पण आपल्याला ठाऊक आहे, असा मोठा दोष असेल तर तो त्याला सांगावा. ओट्यामागच्या टाइल्सवर चढलेल्या तेलाच्या थराबद्दल किंवा माळ्यावरच्या जळमटांबद्दल त्यात काही नाही. ते ज्याच्या त्याच्या रीतीवर सोडलेलं आहे.

माझा मुलगा जर्मनीत शिकायला होता. तिथली भाड्याची खोली सोडताना त्यानं मला एक शब्द सांगितला होता, ‘बेझनराइन’. बेझन म्हणजे झाडू आणि राइन म्हणजे स्वच्छ. तिथल्या भाडेकरारांत हा शब्द सर्रास असतो, आणि झाडून स्वच्छ म्हणजे नेमकं किती, हा वाद तिथल्या संघीय न्यायालयापर्यंत गेला होता. ढोबळ घाण काढली की पुरे, असं न्यायालयानं 2006 साली सांगितलं. हा शब्द मला फार आवडला, कारण त्यात केरसुणी आहे. पण आपल्या केरसुणीला ढोबळ घाणीपुरतं ठेवता येत नाही. शिंदीच्या पानांची ती जुडी लक्ष्मीपूजनाला पाटावर बसते, तिला हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागला तर हात जोडतात. तिच्याकडे काम कचऱ्याचं असलं तरी मान घरातल्या लक्ष्मीचा आहे. तिनं झाडून स्वच्छ म्हणजे किती, हे मला आईकडूनच समजून घ्यायचं होतं.

आई वर्षभरापासून माझ्याकडे राहते. ऐंशी उलटली आहे. गुडघ्यांमुळे तिला तीन मजले चढवत नाहीत, म्हणून तर घर विकलं. मी विचारल्यावर तिनं सरळ उत्तर दिलं नाही. तिनं आजीची गोष्ट सांगितली.

आजीचं बिऱ्हाड शनिवार पेठेत, नदीच्या बाजूला, एका वाड्याच्या तळमजल्यावर होतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. माणसं जिवानिशी वाचली. पाणी ओसरल्यावर परतली तेव्हा दोन्ही खोल्यांत चिखल साचला होता. भांडी, अंथरुणं, देव, सगळं त्याच्या पोटात. आजीनं घमेल्यानं चिखल उपसला. पण मातीच्या भिंती पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि वाडा उतरवायचा ठरला. गोखलेनगरच्या पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली. निघायच्या दिवशी आजीनं केरसुणी मागितली. आई तेव्हा कॉलेजात जाऊ लागली होती. ती चिडली. उद्या पाडायच्या खोलीत कसला केर काढायचा? आजी वाकून कोपरे झाडत होती. म्हणाली, “पाडायला माणसंच येणार ना? अनवाणी असतील. त्यांच्या पायात काच जाईल.”

“मला तेव्हा कळलं नव्हतं,” आई म्हणाली, “आता बघ तुला काय कळतंय ते.”

मी माळ्यापासून सुरुवात केली. आकाशकंदिलाचा सांगाडा, बाबांच्या फायली, लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या, तळाला भोक पडलेला बंब. रद्दीवाला तीनदा येऊन गेला. माळा उतरवता उतरवता मला माझ्याच मनातला एक मोह दिसायला लागला. ज्या वस्तूचं काय करावं ते सुचत नव्हतं, ती मी एका कोपऱ्यात सरकवत होते आणि मनाशी म्हणत होते, राहू दे, येणाऱ्यांना उपयोगी पडेल. रंगाचे अर्धे डबे, एक पाय डगमगणारं स्टूल, जुन्या पडद्यांच्या सळया, फिनेलची तळाशी आलेली बाटली. दोन दिवसांत कोपऱ्याचा ढीग झाला. त्या ढिगासमोर बसले तेव्हा उमगलं की यातली एकही वस्तू भेट नव्हती. प्रत्येक वस्तूबरोबर मी माझा न घेतलेला निर्णय त्यांच्या घरात ठेवून जाणार होते. आपल्याला जे जड झालं, ते दुसऱ्याला उपयोगी पडेल असं म्हणणं फार सोपं असतं. ज्या दोन वस्तू खरोखर चांगल्या होत्या, लोखंडी कपाट आणि पाण्याचं पितळी पिंप, त्यांच्याबद्दल मी घर घेणाऱ्या जोडप्याला फोन करून विचारलं. कपाट हवं होतं, पिंप नको होतं. बाकीचा ढीग मी उचलला.

स्वयंपाकघराला दोन दिवस लागले. जवळजवळ चाळीस वर्षांच्या फोडण्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर पिवळ्या चिकट होऊन बसल्या होत्या. गरम पाणी, सोडा, जुना टॉवेल. तेल सुटू लागलं तसा वास आला, आणि तो नुसत्या तेलाचा नव्हता. त्यात हिंग होता, कढीलिंब होता, चतुर्थीच्या तळणीचा दरवळ होता. मी हात थांबवून बसले होते. पण तो वास आमचा होता. उद्या इथे दुसऱ्या कुणाची फोडणी पडणार होती, आणि तिच्याखाली आमची शिळी फोडणी असायचं काही कारण नव्हतं. खिळे उपटले, भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. देव्हाऱ्यावरच्या भिंतीवर समईच्या काजळीची उभी रेघ होती. ती पुसायच्या आधी आईनं सांगितल्याप्रमाणे तिथे एकदा दिवा लावला.

डोळ्यांना न दिसणारा केरही असतो. महावितरणचं शेवटचं बिल, मिळकतकर, सोसायटीची वर्गणी हे सगळं चुकतं करून पावत्या एका पाकिटात घातल्या. बँकेला, विम्याला, बाबांच्या पेन्शनच्या कार्यालयाला नवा पत्ता कळवला; आमच्या नावाची पाकिटं दुसऱ्याच्या दाराशी वर्षानुवर्षं येत राहणं हासुद्धा एक कचराच. आणि सगळ्यांत अवघड होती ती पश्चिमेकडची भिंत. आषाढात पाऊस तिरका लागला की मागच्या खोलीत त्या भिंतीला ओल येते, श्रावणात पोपडे धरतात. त्या जोडप्यानं घर पाहिलं ते होळीनंतर, भिंत कोरडी ठणठणीत असताना. त्यांना ती ओल दिसणं शक्यच नव्हतं. करार करण्याआधी आईनं त्यांना बसवून घेतलं आणि भिंतीवर हात ठेवून कुठून कुठवर ओल येते ते दाखवलं. त्यांनी किंमत थोडी कमी करून मागितली, आम्ही केली. त्या दिवशी आईला तीन मजले चढवून आणलं होतं ते एवढ्याचसाठी. पुढे मी कितीही फरशी घासली असती, तरी हे सांगायचं राहिलं असतं तर घर मळकंच राहिलं असतं.

शेवटी दोन खुणा उरल्या.

पहिली ओट्याखालच्या कपाटाच्या दाराआड. नवा सिलिंडर लावला की आई तिथे पेन्सिलीनं तारीख लिहायची. 1986 पासूनच्या तारखा, उभ्या रांगांत, दार भरून. आम्ही चौघं होतो तेव्हा दोन तारखांमध्ये महिन्याचंही अंतर नाही. माझ्या लग्नाच्या महिन्यात दोन तारखा. भाऊ नोकरीसाठी बाहेर पडल्यावर अंतर वाढत जातं. बाबा गेल्यानंतरची पहिली तारीख थरथरत्या अक्षरात, आणि तिथून पुढे एकेक सिलिंडर तीन-तीन, चार-चार महिने पुरलेला. आमचं घर भरलं कधी आणि रिकामं होत गेलं कधी, ते सगळं त्या दारावर लिहिलेलं होतं.

दुसरी खूण न्हाणीघराबाहेर, जिथे पाण्याचे चार कॉक एका रांगेत आहेत. बाबांनी प्रत्येक कॉकशेजारी लाल ऑइलपेंटनं लिहून ठेवलं होतं: स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, गॅलरी. आणि प्रत्येकाला एक बाण, कुठल्या दिशेनं फिरवला की पाणी चालू होतं ते दाखवणारा. अक्षर वळणदार, रंग थोडा ओघळलेला. नव्या रंगवलेल्या भिंतीवर ते चांगलंच विद्रूप दिसत होतं. रंगारी म्हणाला होता, “ताई, एक हात मारतो, झाकून जाईल.” मी त्याला थांबवलं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नव्हतं.

त्या दोन खुणांमध्ये बसून मला आजीची काच कळली. आजीनं खोली सुंदर दिसावी म्हणून झाडली नव्हती. पुढे येणाऱ्याच्या पायांकडे बघून झाडली होती. मग स्वच्छतेचं माप आपल्या डोळ्यांत नसतं, येणाऱ्याच्या पावलांत असतं. जी खूण त्याला वाचता येते, त्याच्या कामाची आहे, ती कितीही ओबडधोबड असली तरी घराची, ती ठेवावी. जी खूण फक्त आपल्यालाच वाचता येते, ती आपल्याला कितीही प्रिय असली तरी त्याच्यासाठी डाग. ती आपण आपल्या हातानं काढावी. आपला डाग पुसण्याचं काम परक्या माणसावर सोडू नये. तो बिचारा काहीच न वाचता पुसेल.

मी तारखा वाचल्या. वरून खालपर्यंत, एकही न गाळता, आईला फोनवर वाचून दाखवल्या. कुठे ती “हं” म्हणाली, कुठे “तेव्हा तुझी आत्या राहायला होती” असं म्हणाली. मग खोडरबर घेऊन दार कोरं केलं. हात भरून आला.

ताबा द्यायच्या दिवशी आईनं खाली गाडीत बसून राहायचं नाकारलं. जिन्यात चारदा थांबत, कठड्याला धरत ती वर आली, आणि रिकाम्या खोलीत सोसायटीच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. दुपारचे तीन वाजले होते. तिन्हीसांजेच्या आत केर व्हायला हवा होता. मी केरसुणी उचलली आणि इतके दिवस मनात ठेवलेलं तिला विचारलं, “आई, आपण निघायच्या आधीच केर काढला तर चालतं?”

“जाणाऱ्याच्या पाठोपाठ काढत नाहीत, कारण तो परत यायचा असतो,” ती म्हणाली. “त्याची वाट झाडून टाकायची नसते. आपण परत येणार नाही, बाळा. ते घराला आपणच सांगायचं. काढ.”

मी आतल्या खोलीपासून दाराकडे झाडत आले. आईनं खुर्ची न सोडता दोन्ही पाय वर उचलून घेतले, लहानपणी आम्ही घ्यायचो तसे. केरात धूळ होती, सिमेंटचा भुगा होता, आणि कपाटाखाली जमलेली खोडरबराची काळी वळवटं होती. सगळं सुपलीत भरलं आणि एका पिशवीत बांधून खाली न्यायला बाजूला ठेवलं. न्हाणीत भरलेली बादली, साबणाची नवी वडी आणि प्रत्येक खोलीत एक पेटणारा दिवा एवढंच मागे ठेवलं. संडासाची टाकी घासताना पाण्याचे कॉक बंद केले होते, ते तसेच राहून गेले.

चार वाजता ते दोघं आले. आम्ही उंबरठ्याबाहेर येऊन किल्ल्यांचा जुडगा दिला. प्रत्येक किल्लीला मी चिठ्ठी बांधली होती. मुलीनं आईला वाकून नमस्कार केला. मुलगा आत गेला, आणि त्यानं स्वयंपाकघरातला नळ सोडल्याचा कोरडा आवाज आला. कॉक बंद असल्याचं मला तेव्हा आठवलं. “अहो, बाहेर तिथे...” म्हणत मी उंबरठ्यापाशी पुढे झाले, तर आईनं माझा दंड धरला.

तो न्हाणीघराबाहेर आला होता. भिंतीकडे वाकून बघत होता. त्यानं लाल अक्षरावरून बोट फिरवलं, ‘स्वयंपाकघर’, आणि बाणाच्या दिशेनं कॉक फिरवला.

आत नळाला पाणी आलं. आई जिना उतरू लागली.