आदला दिवस

गोवा एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री काढून आम्ही पाच मित्र निजामुद्दीनला उतरलो. ऋषिकेशची बस रात्रीची. मधला दिवस दिल्लीचा. चांदणी चौकात सायकलरिक्षा, हातगाड्या आणि माणसे यांतून वाट काढताना जीव मेटाकुटीला आला. मित्र मात्र शिवपुरीपासूनच्या १६ किलोमीटर प्रवाहाविषयी, ‘रोलर कोस्टर’ नावाच्या खळाळाविषयी बोलत होते. मीही हसत होतो. लहानपणी विहिरीत गटांगळ्या खाल्लेला मी, घरी ‘दिल्ली बघून येतो’ एवढेच सांगून निघालो होतो.

दुपारी जुन्या लोखंडी पुलावरून यमुना पाहिली. काळे, संथ पाणी. हीसुद्धा हिमालयातूनच आलेली! तरी त्या पाण्याकडे पाहूनही पोटात गोळा आला.

संध्याकाळी काश्मिरी गेटच्या बसस्थानकावरून घरी फोन लावला.

“जेवलास काय रे?” आईने विचारले.

गलका एवढा होता, की खोटे सहज खपले असते. पण सांगून टाकले. जाकीट देतात, हेही सांगितले. ती बराच वेळ गप्पच. मग म्हणाली, “ते जाकीट घट्ट बांध. आणि पाण्यातून वर आल्याबरोबर फोन कर.”

बस सुटली. भीती गेली नव्हती. पण दोन रात्रींनंतर झोप मात्र लागली.