ताबा, अज्ञान आणि अ. पा. क.

'ताबा' हा शब्द आम्ही आजवर जमिनीच्या, घराच्या, फार तर मनाच्या संदर्भात शिकवला. अरबी-फारसीच्या वाटेने आलेल्या कब्जा, जप्ती या भावंडांसह तो महसुली दप्तरात सुखाने नांदत होता. गेल्या उन्हाळ्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी सिडकोतल्या आमच्या घरी अर्जाचा मसुदा घेऊन आली, तेव्हा तो सात वर्षांच्या मुलीला चिकटलेला दिसला : 'अज्ञान मुलीचा ताबा मिळणेबाबत'.

वकीलबाईंनी तिला प्रतिज्ञापत्रासाठी सगळी हकिकत स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितली होती. मराठीची एम. ए.; तिने 'पाषाणहृदयी'पासून सुरुवात केली होती. आम्ही दोघे पेन्सिल घेऊन विशेषणे खोडत गेलो. उरले ते लसीकरणाचे कार्ड, शाळेच्या डायरीतल्या सह्या, फीच्या पावत्या, आणि मुलीच्या तापात रजा कोणी घेतली त्या तारखा. वर्गात आम्ही विशेषणांवर तास घेतो. न्यायालय तारखा मागते, आणि ते योग्यच आहे. भर घातली ती एकाच वाक्याची : वडील दर रविवारी मुलीला सायकल शिकवीत. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हेही मीच लिहायचं?" आणि लिहिले.

१९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई येते. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे असावे, एवढी सवलत. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या 'नंतर'चा अर्थ वडिलांच्या मृत्यूपुरता न ठेवता त्यांच्या गैरहजेरीपर्यंत नेला. त्याआधी, १९७० साली, जिजाबाई विठ्ठलराव गजरे यांच्या शेतजमिनीच्या वादात, वेगळे राहून मुलीकडे लक्ष न देणारा बाप हयात असतानाही आईलाच पालक मानले गेले होते. एका अव्ययावर एवढी वर्षे खर्ची पडावीत! व्याकरण निरुपद्रवी आहे असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांना हे सांगायला हवे.

हे ऐकताना तिला कन्नड तालुक्यातल्या माहेरच्या शेताचा सातबारा आठवला. वडील ती लहान असतानाच गेले. तिच्या नावापुढे 'अ. पा. क.' आणि मग आईचे नाव. अज्ञान पालनकर्ता. लहानपणी तिला ती कुठली तरी पदवी वाटे.

'अज्ञान' या शब्दाची खरी गंमत मात्र पुढे आहे. १८९०चा पालक व पाल्य कायदा सांगतो की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते. म्हणजे कागदावर अज्ञान असलेल्या त्या मुलीला न्यायाधीश आपल्या दालनात बोलावून तिचे मन विचारू शकतात. निकाल तिच्या शब्दावर नव्हे, तिच्या हितावर होतो, हे खरे. पण आईच्या जिवाला घोर लागायला एवढे पुरे होते.

"सर, तिला काय सांगून ठेवू?"

आम्ही म्हणालो, काही नाही. पढवलेले मूल ओळखू येते, हे एक कारण. दुसरे असे की, ती जे बोलेल ते उद्या दोघांपैकी एकाविरुद्ध तिने दिलेली साक्ष म्हणून तिच्याच मनात राहील. निदान ते वाक्य आईचे असू नये. ही दुसरी बाब तिला पटली की नाही, ठाऊक नाही. तिने कागद फाइलीत लावले आणि आम्हाला विचारले, त्या दिवशी शाळा बुडेल, तर रजेच्या अर्जात कारण काय लिहू? 'घरगुती कामासाठी' असे आम्ही सुचवले. तिने तसेच लिहिले.