मिरचीचे पैसे

गडचांदूरच्या बाजारात मिरची दळायच्या गिरणीसमोरून जाताना परवा असा ठसका लागला, की डोळ्यांपुढचं दिसेना. भाची सोबत होती. तिच्या कॉलेजच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला निघालो होतो. ती हसत होती, मी खोकत होतो. आणि मला आठवत होती चंद्रपूरच्या एका कॉलेजातली फी भरायची खिडकी.

साल 2003. बाबूनं माझ्याकडून नोटांची गड्डी घेतली, जिभेला अंगठा लावला आणि मोजायला लागला. तिसऱ्या-चौथ्या नोटेला त्याचा चेहरा बदलला. पुन्हा अंगठा जिभेला, आणि मग जी शिंक सुरू झाली ती थांबेना. "काय शिंपडलं रे यात?" मागच्या रांगेत हशा पिकला. मी काहीच बोललो नाही. याडी, म्हणजे माझी आई, आदल्या रात्री खम्ममकडून परतली होती. महिनाभर ज्या फडक्यात भाकरी बांधली, मिरचीच्या ढिगावर बसताना जे अंगाखाली घेतलं, त्यातच तिनं पैसे बांधून आणले होते.

कापूस वेचून झाला की आमच्या जिवतीच्या पहाडावरून टेम्पो भरभरून माणसं तेलंगणात मिरची तोडायला उतरतात. पिकलेली तेवढीच तोडायची, मजुरी किलोवर. शेताच्या बांधावर ताडपत्रीची खोपटं. लहानपणी मीही तिथं राहिलोय. दिवस मावळला की बायका राखेच्या पाण्यात हात बुडवून बसायच्या. ज्या बाईनं त्या दिवशी मिरचीला हात लावला नसेल तिनंच सगळ्यांच्या भाकरी थापायच्या, नाहीतर पोरं पहिल्या घासाला रडायची. घरी या पैशाला आम्ही मिरचीचे पैसे म्हणायचो. कापसाचे पैसे दुकानदाराचे, मिरचीचे शाळेचे, अशी वाटणी ठरलेली.

शिष्यवृत्ती होती की, कोण नाही म्हणतं. आम्ही बंजारा, महाराष्ट्रात विमुक्त जाती. पण त्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीपासून आमचं घराणं महाराष्ट्रात होतं हे कागदावर दाखवायचं. आजोबा बहात्तरच्या दुष्काळात नांदेडकडून पहाडावर आले ते जनावरं आणि भांडी घेऊन. कागद कोण आणतो? बा दोनदा मूळ गावी जाऊन आला. शेवटी एका चुलत आजोबांचा, जे दुसरीतच शाळेतून पळाले होते, दाखल-खारीज उतारा मिळाला. त्यांच्या त्या वर्ष-दीड वर्षाच्या शाळेवर आमच्या घरातली तीन पोरं पदवीधर झाली.

कागद जमले तरी पैसा वर्ष सरताना यायचा, कधी वर्ष सरल्यावर. फी जूनमध्ये, परीक्षेचा फॉर्म हिवाळ्यात, खोलीचं भाडं दर एक तारखेला. तेव्हा गोंडवाना विद्यापीठ नव्हतं, ते 2011 चं. आमचे फॉर्म नागपूरला जायचे आणि विलंब शुल्काची तारीख कुणासाठी थांबायची नाही. सरकारचा हप्ता आला नाही म्हणून कॉलेजनं माझी टीसी अडवली, ती कशी सुटली ते लिहायला घेतलं तर हा लेख त्यातच संपेल. एवढंच सांगतो, की त्या खिडकीतला बाबू मिरची लागून शिंकला याचं मला आजही वाईट वाटत नाही.

शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्याकडे बाबासाहेबांचं नाव निघतं. तेव्हा इथं ते मध्येच येणार, येऊ द्या. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंड दिले, कोलंबियाला पाठवलं, हे पोरांना पाठ असतं. त्यासोबत दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायचा करार होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली तसं 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. 1920 ला ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भाटेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये यांच्या जोरावर. वर्गात हा धडा आला की मी भाटेनांपाशी जरा जास्तच रेंगाळतो. पोरांना वाटतं, सर विसरले पुढचं.

बँकेचं शैक्षणिक कर्ज? चार लाखांपर्यंत तारण लागत नाही असा नियम. मी विचारायला गेलो तेव्हा साहेबानं पहिला प्रश्न केला, सातबारा आहे का? पहाडावरच्या जमिनी वनखात्याच्या नोंदीत अडकलेल्या, पट्टा नाही. वनहक्क कायदा आला 2006 चा, पण आदिवासी नसलेल्यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास दाखवायचा. बहात्तरला आलेल्यानं तो दाखवायचा कुठून! पऱ्हाटी उभी आहे, बोंडं फुटलीत, पण कागदावर शेत नाही.

माझ्या मामाचं शेत मात्र दोन-दोन राज्यांच्या कागदावर. परमडोली, महाराजगुडा, मुकदमगुडा अशी ती चौदा गावं. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतो आमची. माणसं दोन्हीकडे मतदान करतात, दोन्हीकडचं रेशन उचलतात. आणि तिकडे बंजारा 1976 च्या कायद्यापासून अनुसूचित जमातीत. मामाच्या पोरानं तिकडचा दाखला काढला, हैदराबादला इंजिनीअरिंग केलं, फी तेव्हाच्या आंध्र सरकारनं भरली. त्यांनी ती योजना 2008 ला आणली होती. एकाच पणज्याची पोरं आम्ही. मधे नाला आडवा. त्याच्या पेढ्यांचा मला बरेच दिवस राग होता. पुढे कळलं, तिकडेही फीच्या थकबाकीवरून कॉलेजं आणि सरकार भांडतात, पोरांची सर्टिफिकेटं अडकतात. ऐकून थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता भाचीचं. 2024 पासून आठ लाखांखालच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारनं माफ केली, ही मोठीच गोष्ट. पण फी म्हणजे शिक्षण नव्हे. मेस आहे, खोली आहे, डिपॉझिट आहे. वसतिगृह न मिळालेल्यांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, मुंबई-पुण्याला वर्षाला 60 हजार, तालुक्याच्या गावी 38 हजार. पण तेही मागाहून. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. ओटीपीसाठी भाची मोबाईल घेऊन टेकडावर चढते आणि तिथून आकडे ओरडून सांगते, खाली मी टाईप करतो, तोवर वेळ संपलेली असते.

पैसा वेळेवर लागतो, म्हणून मला आमचे मुकादम काका आठवतात. मजुरांना तोडणीला नेणारे. वजनात मारायचे, हे उघड गुपित. ओल्या मिरचीला किलोमागे कटती, वर काट्याचीही काही खोड. पण माझ्या पहिल्या वर्षाची फी त्यांनी उचल म्हणून दिली, पाऊस सुरू व्हायच्या आत, याडीच्या पुढच्या हंगामावर. ना जामीन, ना दाखला. लाल वहीत याडीचं नाव, पुढे आकडा, खाली तिचा अंगठा. त्या आकड्यापायी ती पुढच्या हंगामात मिरची संपेपर्यंत घरी येऊ शकली नाही, आणि मी बी.एस्सी. झालो. या माणसाला शिव्या द्यायच्या की पाया पडायचं, हे अजून ठरत नाही. दिवाळीला भेटतो तेव्हा पाया पडतो.

काका आता थकलेत. मागच्या आठवड्यात नातवाला घेऊन घरी आले. नातू नागपूरला नर्सिंगला लागलाय, पहिला हप्ता आठ दिवसांत भरायचाय.

"मास्तर, सरकारचे किती दिवसांत येतात?"

मी काय सांगणार? कपाटातून पैसे काढून दिले. त्यांनी पिशवीतून वही काढली. लाल नव्हती, नातवाची जुनी शंभर पानी. म्हणाले, तोंडी व्यवहार मी कधी केला नाही, लिही. मी आकडा लिहिला आणि परतफेडीपुढे "शिष्यवृत्ती आल्यावर" असं लिहायला लागलो.

त्यांनी हात धरला. "ते नको. मिरची उरकल्यावर, असं लिही."