उजेडगर्भ

फाल्गुन उतरणीला लागला की भीमेकाठच्या माळावर दोनच रंग ठळक उरतात: वाळल्या गवताचा पिवळा आणि पळसाचा केशरी. ज्वारी निघालेली असते, कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात, कडुलिंबाच्या शेंड्यांना तांबूस पालवी फुटत असते. दिवस वाढत असतो, पण अगदी हलक्या पावलांनी. या अक्षांशावर वर्षातला सर्वांत लहान दिवस ११ तासांचा, सर्वांत मोठा १३ तासांहून थोडा अधिक. रोजची वाढ जेमतेम मिनिटाभराची. माणसाच्या ती ध्यानातही येत नाही. माळावर चरणाऱ्या घोडीच्या डोळ्यांना मात्र ती कळते.

डोळ्यांतून आत गेलेला उजेड मेंदूतल्या एका इवल्या ग्रंथीपर्यंत पोचतो. रात्र लांब असते तोवर ही ग्रंथी रक्तात अधिक वेळ एक द्रव्य झिरपत ठेवते आणि बीजांडकोशांना थांबवून धरते. रात्री आखडल्या की ते झिरपणं कमी होतं आणि घोडीच्या देहात ऋतू जागा होतो. त्यानंतर सुमारे ३४० दिवसांची वाट. आज जी घोडी जड पोटाने सावकाश पावलं टाकते आहे, तिच्या कुशीतल्या जिवाला मागच्या चैत्रातल्या उजेडाने बोलावलेलं आहे. उजेडगर्भच म्हणायचा तो.

बांधालगत एका कुटुंबाची जुनी पागा आहे. मातीच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर उन्हाला अडवणारं उसाचं पाचट. घोड्या भीमथडीच्या; उंचीने बेताच्या, खुराने टणक, थोडक्या वैरणीवर लांबची वाट तोडणाऱ्या. दख्खनच्या काटक तट्टांत चौल-दाभोळच्या बंदरांतून उतरलेल्या अरबी घोड्यांचं रक्त मिसळत गेलं, मराठ्यांच्या चपळ घोडदळाला याच पाठींनी तोलून धरलं, आणि फौजा विरल्यावर धनगरांचं बिऱ्हाड याच पाठींवर रानोमाळ फिरत राहिलं. पागेतल्या घोडीची शांत नजर पाहिली की एवढा इतिहास इतक्या निगर्वीपणे कुणी वागवू शकतं, याचं नवल वाटत राहतं.

घरातल्या आजी पहाटे चुलीच्या आधी पागेत येतात. दिवा लावत नाहीत. अंधारातच एकेका घोडीच्या गळ्यावर हात ठेवत पुढे जातात आणि हाताला काय कळायचं ते कळतं. मग लीद उचलली जाते, हौद भरतो, रात्री भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी घमेल्यांत पडते. थोरला मुलगा कडब्याची कुट्टी करतो, सून लसूणघासाचे भारे सोडते. उन्हं वर आली की खरारा सुरू होतो. थंडीत धरलेली दाट लव आता सुटू लागलेली असते. तिलाही सुटायचा इशारा त्याच वाढत्या उजेडाने दिलेला. खराऱ्याखाली केसांचे पुंजके गळतात, वाऱ्याबरोबर कुंपणापर्यंत जातात आणि तिथे बुलबुलाची जोडी ते चोचीत गोळा करते. घोडीने टाकलेली ऊब करवंदीच्या जाळीत अंडी सांभाळायला निघते.

प्रसूती बहुधा रात्री होते. तिच्या आधी थानांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट थेंब जमतात. ते दिसले की घरातलं बोलणं आपोआप खाली येतं. आसपास गडबड असेल, अनोळखी पावलं वाजत असतील, तर घोडी कळांची सुरुवात काही काळ लांबवू शकते. गवताळ मैदानांत वावरलेल्या तिच्या पूर्वजांना अंधाराचा आडोसा हवा असे; ती सावधगिरी या देहात अजून जागी आहे. म्हणून माणसं दूर बसतात. एकदा पाणमोट फुटली की पुढचं सारं साधारण अर्ध्या तासात उरकतं. आधी पुढचे दोन पाय, त्यांवर टेकलेलं नाक, मग खांदे, आणि ओली, वाफाळती पाठ.

त्या पायांकडे नीट पाहू या. खुरांच्या टोकांना मऊ, पांढुरक्या, बोटांसारख्या झालरी असतात. कोवळ्या खुराची धार आईच्या कुशीला लागू नये म्हणून गर्भात घडलेलं हे आवरण. शिंगरू उभं राहून चार पावलं चाललं की झिजून गळून जातं. आईला न दुखवता जगात येण्याची सोय बाळाच्या पावलांतच करून ठेवलेली आहे. एवढी नाजूक तरतूद कोणत्या काळोख्या शहाणपणाने केली असेल?

तासाभरात शिंगरू उभं राहतं. उभं राहतं म्हणजे उठतं, कोलमडतं, पुन्हा उठतं. जवळजवळ पूर्ण वाढीची लांबी लाभलेले ते पाय आधी कुठे ठेवावेत हेच त्याला उमगत नाही. घोडी आपल्या मुखाने त्याला कासेकडे लोटते. आता एक अदृश्य घाई आहे. घोडीच्या वारेचा पडदा इतक्या थरांचा, की आईच्या रक्तातली रोगांशी लढणारी शक्ती पोटात असताना बाळापर्यंत पोचतच नाही. शिंगरू जन्मतं तेव्हा या बाबतीत जवळपास रितं असतं. ती सारी शिदोरी चिकात असते, आणि ती रक्तात शोषून घेणारी आतड्याची दारं साधारण पहिल्या दिवसापुरतीच उघडी राहतात. आजी चिकाचा पहिला घोट गळ्याखाली उतरताना पाहतात आणि मगच घरात जातात.

तेवढ्यानेही जन्म पुरा होत नाही. पुढच्या काही आठवड्यांत शिंगरू आईची ताजी लीद हुंगून थोडी खातं. आपण नाक मुरडू. पण गवत पचवणारे सूक्ष्म जीव घोड्याच्या मोठ्या आतड्यात वस्तीला असावे लागतात, आणि शिंगरू जन्मतं तेव्हा ती वस्ती तिथे नसते. ती आईकडून, धुळीतून, गवताच्या पात्यांवरून एकेक करून येते. वरून एकटा दिसणारा घोडा आतून असा गजबजलेला गाव असतो. उरलेली लीद शेणकिडे जमिनीत ओढून नेतात, तिथे ती मातीला मिळते, आणि मृगाच्या सरींनंतर त्याच जागी मारवेल दाट उगवतो.

दुपारी कडुलिंबाखाली दोन घोड्या समोरासमोर उभ्या राहून एकमेकींच्या मानेचा बुडखा दातांनी हलकेच खाजवतात. तिथे खाजवलं की घोड्याच्या काळजाचे ठोके संथ होतात. शिंगरं पाय पसरून झोपतात आणि आया त्यांच्यावर सावली धरून उभ्या राहतात. कोणी कोणावर उपकार करत नाही, तरी प्रत्येकाचं काहीतरी दुसऱ्यापाशी ठेवलेलं असतं.

भीमथडीची नोंद आता देशातल्या घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून झाली आहे. ती हवीच होती. पण शिंगरू कशाकशाने पुरं होतं हे एकदा कळलं, की केवळ घोडा राखून भागणार नाही हेही कळतं. गायरानं आक्रसत चालली आहेत, माळ नांगराखाली आणि भिंतींमागे जात आहेत, बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांच्या वाटा तुटत आहेत. अंधारात गळ्यावर हात ठेवून घोडीचं मन ओळखणारी माणसंही या जातीचा भाग आहेत. मारवेल, शेणकिडा, करवंदीची जाळीही. वसंत आपला उजेड दरवर्षी न चुकता पाठवेल. त्या हाकेला ओ देता येईल एवढं मोकळं रान राखणं आपल्याकडे आहे, आणि ते राखायलाच हवं.