‘व्हेरी’चे भाऊबंद

मँचेस्टरच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाले, तेव्हा सुरुवातीच्या रुग्णांत खुब्याचा सांधा बदललेली एक म्हातारी होती. वॉकर धरून ती कॉटपासून खिडकीपर्यंत चालली, धापा टाकत खुर्चीत टेकली आणि माझा हात दाबून म्हणाली, ‘यू आर डेड काइंड, लव्ह.’ या वाक्यातला ‘डेड’ कुठं लावायचा, हेच मला कळेना. कान उघडे ठेवल्यावर हळूहळू उलगडा झाला. इंग्लंडच्या वायव्येला, मँचेस्टर-लिव्हरपूलकडं, ‘डेड’ म्हणजे आपलं ‘लई’. चहा डेड फुळकवणी, नात डेड हुशार, जिना डेड अवघड. गंमत अशी की, वॉर्डात कुणी खरोखर गेलं तर हा शब्द सहसा कुणाच्या तोंडून निघत नसे. तिथं हळू आवाजात ‘पास्ड अवे’. गेलेल्या माणसाला ‘डेड’ म्हणायचं नाही, चहाला मात्र बेलाशक म्हणायचं!

मी कोल्हापूरची. आमची आत्या तान्ह्या बाळाचा गालगुच्चा घेत ‘मेलं किती गोड आहे!’ म्हणायची आणि त्यात कुणालाच काही अभद्र वाटत नसे. ‘भयंकर सुंदर’ आणि ‘खतरनाक मटण’ ऐकत वाढलेल्या माणसानं इंग्रजांना काय हसायचं?

मग मला नादच लागला. असे शब्द लवकर झिजतात, म्हणून सतत नवे लागतात. खुद्द ‘व्हेरी’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि मुळात त्याचा अर्थ होता ‘खरा’. तो खरेपणा आता कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. ‘ऑफुली’ आणि ‘टेरिबली’ यांतली भीतीही अशीच विरून गेली. साली टॅग्लियामॉन्टे या कॅनडातल्या भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी एका सहकाऱ्यासोबत ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेतले संवाद तपासले आणि 2005 मध्ये निष्कर्ष छापला. मालिकेतली मंडळी ‘व्हेरी’ आणि ‘रिअली’पेक्षा ‘सो’ अधिक वापरत होती.

पण मला भुरळ पडली ती या शब्दांच्या गाववालेपणाची. ग्लासगोला गेले तर तिथं ‘डेड’च्या पुढं ‘प्युअर’ उभा. ‘प्युअर डेड ब्रिलियंट’ हे तर प्रेस्टविक विमानतळाचं काही वर्षं चक्क घोषवाक्य होतं. भाऊ बॉस्टनजवळ राहतो. त्याची तिथंच जन्मलेली मुलगी बर्फ पडला की ‘विकेड कोल्ड’ म्हणते. तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, इंग्रजी येतं ते कॉन्व्हेंटमधलं. थंडीनं कुणाचं काय वाईट केलं, असं तिनं विचारल्यावर आम्ही पोट धरून हसलो. 1997 चा ‘गुड विल हंटिंग’ पाहिलेल्यांना हा बॉस्टनी ‘विकेड’ आठवेल. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर कॅलिफोर्नियात, त्याच जागी ‘हेला’ असतो. 2010 मध्ये तिथल्याच डेव्हिसच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं मोहीमच काढली होती. एकावर 27 शून्यं एवढ्या संख्येसाठी किलो, मेगाच्या रांगेत ‘हेला’ हा उपसर्ग घ्या, अशी त्याची मागणी होती. गूगलच्या गणकयंत्रानं तो घेतलाही. अखेर 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय वजनमापवाल्यांनी त्या जागी ‘रोना’ बसवला. ‘हेला’ आला असता तर मला जास्त आवडलं असतं.

आणि ‘ब्लडी’? त्याची तर मोठीच कथा. बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ आपल्याला पुलंच्या 1975 च्या ‘ती फुलराणी’मुळं घरचंच. ते 1914 मध्ये लंडनच्या रंगमंचावर आलं, तेव्हा सभ्य चहापानात एलायझाच्या तोंडून हा एक शब्द निघाला आणि वर्तमानपत्रांत गहजब झाला. ऑस्ट्रेलियात मात्र हाच शब्द मिठासारखा. 2006 मध्ये तिथल्या पर्यटन खात्यानं पाहुण्यांना बोलावणाऱ्या जाहिरातीत तो खुशाल घातला, तर ब्रिटनमध्ये सुरुवातीला ती टीव्हीवर दाखवायलाच मनाई झाली. ज्यांनी शब्द निर्यात केला, त्यांनाच तो परत येताना सोवळं आठवलं.

हे शब्द समजून घेणं सोपं, वापरणं अवघड. आमच्याकडं लंडनच्या बाजूचा एक शिकाऊ पोरगा आला. तो मूळचा ‘वेल गुड’वाला. रुग्णांशी जवळीक साधावी म्हणून एकदा तो एका आजोबांना ‘डेड गुड’ म्हणाला. आजोबांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, ‘तू इकडचा नाहीस ना रे?’ गोरा, इंग्रज, जन्मानं त्याच देशाचा. तरी पकडला गेला. पुणेकरानं कोल्हापुरात येऊन ‘लई भारी’ म्हटलं की आम्हालाही लगेच कळतंच की. तेव्हापासून मी ठरवून टाकलं की आपण ‘व्हेरी’वर भागवायचं. तो बिचारा कुणाच्याच गावचा नाही, त्यामुळं सगळीकडं खपतो. म्हातारीच्या ‘डेड काइंड’ला मी ‘थँक यू व्हेरी मच’ म्हणायचे आणि आमचं छान जमायचं.

सगळ्यात फसवा शब्द मात्र यांपैकी कुठलाच नाही. तो आहे ‘क्वाइट’, अगदी साळसूद चेहऱ्याचा. अमेरिकन माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर बहुधा काम चांगलंच झालेलं असतं. ब्रिटिश माणसाच्या तोंडी तेच शब्द बहुतेकदा ‘ठीक आहे, चालेल’ इतपतच असतात. त्यातही ‘क्वाइट’वर जोर पडला तर ‘अजून बरंच हवं होतं’ असं समजावं. पण तोच ब्रिटिश माणूस ‘क्वाइट ब्रिलियंट’ म्हणाला तर मात्र ती पुरती दाद असते, कारण तिथं ‘क्वाइट’ म्हणजे ‘अगदी’. आमच्या वरिष्ठ बाई रुग्णाच्या नोंदी वाचून ‘क्वाइट गुड’ म्हणाल्या की मी निमूटपणे कागद परत घेऊन बसायचे. तेव्हा नोकरीसाठी तिकडं निघालेल्या पोरापोरींनो, ब्रिटिश साहेबानं तुमच्या अहवालावर ‘क्वाइट गुड’ लिहिलं तर पेढे वाटू नका. आधी तो अहवाल पुन्हा वाचा.